आधी शेवट ठरव, मग टाचण काढ

मालेगाव

प्रिय सखे,


तुला तिकडे गडचिरोलीत पाचवीचा वर्ग मिळाला, वाचून फार आनंद झाला. पाठाचं टाचण कसं काढतेस असं विचारलंयस, म्हणून जरा सविस्तरच लिहिते.

मी टाचण शेवटाकडून काढते. घटक संपल्यावर मुलांना काय करता आलं पाहिजे, हे आधी लिहायचं. ते आलं हे मला कशावरून कळेल, हे त्याखाली. कृती, साहित्य, तासिका सगळं त्यानंतर. ग्रँट विगिन्स आणि जे मॅकटाय या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञांनी १९९८ मध्ये याच क्रमावर पुस्तक लिहिलं. उद्दिष्टांपासून सुरुवात करा, असं राल्फ टायलर तर १९४९ मध्येच सांगून गेले होते. आपल्याकडे २०१७ पासून एनसीईआरटीच्या अध्ययन निष्पत्ती आहेत. पण त्या टाचणवहीत नुसत्या उतरवून काय उपयोग? पाठ तिथूनच निघायला हवा.

परिमिती आणि क्षेत्रफळाचंच बघ. सूत्रं मुलं धडाधड म्हणतात, पण कुठे कोणतं लागतं हे त्यांना कळलंय का? इथे कित्येकांच्या घरचे यंत्रमागावर कामाला जातात, त्यामुळे पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, काय असतो हे मुलांना सांगावं लागत नाही. म्हणून शेवटचा प्रश्न मी कापडाचाच ठरवला: एक टेबलक्लॉथ ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद, दुसरा ५ मीटर लांब, १ मीटर रुंद. कडेने लेस कोणत्याला जास्त लागेल? कापड कोणत्याला जास्त लागेल?

प्रश्न ठरला आणि तासिका आपोआप लागत गेल्या. आधी चौकटीच्या कागदाचे तुकडे कापणं, मग कडेने दोरा फिरवणं, मग आतल्या चौकटी मोजणं, आणि सूत्र सगळ्यात शेवटी. लेस दोन्हींना १२ मीटरच, कापड मात्र एकाला ९ चौरस मीटर, दुसऱ्याला ५! “बाई, लेस तेवढीच, मग कापड कमी कसं?” असं विचारून एक मुलगी पुन्हा चौकटी मोजायला बसली. तिचा तो प्रश्न म्हणजेच मला हवा असलेला पुरावा. जी मुलं तिथे अडली, त्यांच्यासोबत दुसऱ्या दिवशी पुन्हा दोऱ्यापासून सुरुवात केली.

तुझ्या मुलांना लेस कदाचित परकी वाटेल. तिथे बांबूचं कुंपण आणि आतली जमीन घेऊन बघ. पुढच्या घटकाचं टाचण काढण्याआधी तुझा शेवटचा प्रश्न मला लिहून पाठव, मी माझ्या वर्गाला घालून बघते.

तुझीच,
मैत्रीण