बुलेटला सतराच दाते घाल

प्रिय मित्रा,

पत्र आणि फोटो दोन्ही मिळाले. मद्रासची बुलेट यॉर्कशरच्या दगडी भिंतीला टेकून उभी आहे, हे पाहून फार आनंद झाला. बुलेट मूळची इंग्लंडचीच, रेडिचची. १९५५ साली ती मद्रासला आली. पुढे रेडिचचा कारखाना बंद पडला आणि १९७७पासून आपल्याकडून तीच ३५० सीसीची बुलेट इंग्लंडला जाऊ लागली. तुझी गाडी याच वाटेने तिकडे पोचलेली आहे, म्हणून तिची नीट निगा राखायची.

आता तुझा प्रश्न. ताशी पन्नास मैलांच्या पुढे इंजिन ओरडतं, हँडल झिणझिणतं, म्हणून पुढचं स्प्रॉकेट १८ दात्यांचं घालू की थेट १९चं, असं तू विचारलंस. माझं उत्तर १७. ते कसं, हे जरा सविस्तर सांगतो, कारण तिकडे तुला १९चं सांगणारे पुष्कळ भेटतील.

पण आधी सध्या आत किती दाते आहेत ते बघ. मागचे मालक काय करून ठेवतात त्याचा नेम नसतो. पुढचं स्प्रॉकेट गिअरबॉक्सच्या शाफ्टवर, प्रायमरी केसच्या मागे दडलेलं असतं. बाहेरचं झाकण, आल्टरनेटर, प्रायमरी चेन, क्लच आणि आतलं झाकण एवढं सगळं उतरवल्याशिवाय ते हाती लागत नाही. नुसते दाते मोजायला एवढं उघडायची गरज नाही. गाडी मेन स्टँडवर घे, प्लग काढ, टॉप गिअर टाक. उजव्या बाजूच्या पॉइंट्सचं झाकण काढलंस की मधला कॅम दिसतो. मागच्या टायरवर खडूची खूण कर आणि चाक हाताने पुढच्या दिशेने थोडं ओढून चेनचा ढिलेपणा काढून घे. मग बरोबर दोन फेऱ्या फिरव आणि कॅमच्या किती होतात ते मोज. कॅम इंजिनच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून चाकाच्या दोन फेऱ्यांना कॅमच्या जितक्या फेऱ्या, तितकंच तुझं टॉपचं एकूण प्रमाण. पाच फेऱ्या आणि वर जवळजवळ एक तृतीयांश झाली तर आत १६ दाते. बरोबर पाच झाल्या तर १७. पाचला पाव फेरी कमी पडली तर १८.

हा हिशेब कुठून येतो, तेही सांगतो. इंजिनच्या स्प्रॉकेटला २५ दाते, क्लचच्या ५६, म्हणजे २.२४. टॉपला गिअरबॉक्स सरळ, एकास एक. मागच्या स्प्रॉकेटला ३८ दाते. पुढे १६ असतील तर ३८ भागिले १६ म्हणजे २.३७५, आणि गुणाकार ५.३२. पुढे १७ घेतले तर ५.०१, १८ घेतले तर ४.७३, आणि १९ला ४.४८. मागे काही बदलायचं म्हटलं तर सोय नाही, कारण आपल्या बुलेटचं मागचं स्प्रॉकेट आणि ब्रेकचा ड्रम एकाच तुकड्यात ओतलेले असतात. त्यामुळे जे काही करायचं ते पुढच्या स्प्रॉकेटलाच. पुढचा एक दाता म्हणजे मागचे दोन-सव्वादोन दाते, हे ध्यानात ठेव. पुढे एकच दाता वाढवलास तरी गाडीचा स्वभाव बदलतो.

तुझ्या ३.२५-१९ टायरचा एक वळसा साधारण दोन मीटरचा. पन्नास मैलांना, म्हणजे ताशी ८० किलोमीटरला, १६ दात्यांवर इंजिन मिनिटाला सुमारे ३,४७५ फेरे घेतं. १७वर ३,२७०. १८वर ३,०९०, आणि १९वर तीन हजाराच्याही खाली. कागदावर १९ फारच गोड दिसतं. बुलेटचा स्ट्रोक ९० मिलिमीटरचा, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला पिस्टनला १८० मिलिमीटर खाली-वर करावं लागतं. एवढ्या लांब स्ट्रोकच्या इंजिनाला फेरे कमी झाले की खरंच बरं वाटतं. तू ऐकतोस ती तक्रार खरी आहे, तिला मी खोटं म्हणत नाही.

मात्र ३५०च्या बुलेटची ताकद किती? १८ अश्वशक्ती, तीही साडेपाच हजारांच्या वर. तीन हजार फेऱ्यांवर ती १८ सगळी हाती नसते, बरीच कमी असते. सपाट रस्त्यावर, वारा नसताना, एकट्या माणसाला तेवढी पुरते. तुमच्याकडच्या मूरच्या उघड्या माळरानावर मात्र समोरून वारा लागतो, मागे वहिनी, बाजूला दोन पिशव्या. अशा वेळी १९ दात्यांचा टॉप गिअर गाडी ओढतच नाही. वेग पंचेचाळीसवर येतो, मग चाळीसवर, आणि तुला थर्ड टाकावा लागतो. थर्डचं प्रमाण १.३६, म्हणजे इंजिनाचे फेरे एका झटक्यात ३६ टक्क्यांनी वर. शांतपणासाठी दाते वाढवले आणि निम्मा प्रवास थर्डमध्ये ओरडत केला, असं होऊन बसतं. टॉप आणि थर्डमधली ही दरी आपल्या चार गिअरच्या बॉक्समधली खरी अडचण आहे. स्प्रॉकेट निवडताना सगळ्यात जास्त विचार तिचा करायचा.

आमच्याकडे रस्ता रुंद झाल्यापासून बऱ्याच बुलेटवाल्यांनी १८ घातलं. साताऱ्याकडे येताना शिरवळपर्यंत गाड्या मस्त पळतात. खंबाटकी घाटाचा चढ लागला की टॉप सोडावा लागतो, आणि मागे ट्रक लागलेला असेल तर थर्डमध्येही दम लागतो. माझा मिस्त्री याला सरळ सांगतो, "गाडी टॉपला चढवता आली पाहिजे, उतरवता कोणालाही येते." रोजच्या रस्त्यावरचा जो चढ तुला टॉपमध्ये चढायचा आहे, तो डोळ्यासमोर ठेवून गिअरिंग ठरव. सर्वोच्च वेग डोळ्यासमोर ठेवलास तर फसशील.

आणि तुझ्याकडे तर सटन बँक आहे! थर्स्कहून हेल्म्सलीकडे जाताना तो चढ लागतो. चारास एक चढण, कॅरॅव्हॅनला तिथे बंदीच. त्या चढावर टॉप किंवा थर्डचा प्रश्नच नाही, डबलसीट असलास तर पहिलाच लागेल. इथे पहिल्या गिअरचं प्रमाण महत्त्वाचं. १६वर ते १४.८ येतं, १७वर १३.९, १९वर १२.५च्याही खाली. चढाच्या मध्येच पुढची मोटार थांबली आणि तुला तिथून निघायचं आहे, अशी वेळ डोळ्यासमोर आणून बघ. १९वर निघताना क्लच बराच वेळ अर्धा धरून ठेवावा लागेल. जुन्या बुलेटचा क्लच असा तापला की प्लेटी चिकटतात, आणि मग न्यूट्रल सापडणं मुश्कील. १७वर हा त्रास जवळजवळ होत नाही.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. १७ ही विषम संख्या. चेनच्या कड्या नेहमी सम असतात, एक आतली, एक बाहेरची. १६ किंवा १८ दाते असले की ठरावीक दात्यावर कायम ठरावीक जातीची कडी येऊन बसते. १७वर प्रत्येक दात्यावर दोन्ही जातीच्या कड्या आळीपाळीने येतात, झीज सारखी वाटली जाते. आणि दाते १६चे १७ झाले की चेन कमी कोनात वळते, तेवढे झटके कमी. तुझ्या हँडलच्या झिणझिणीत यामुळे थोडा फरक पडेल. सगळी जाणार नाही, कारण ती एकाच सिलिंडरची झिणझिण आहे.

चेनचं म्हणशील तर तीच चेन चालते. पुढे एक दाता वाढला की मागचं चाक साधारण चार मिलिमीटर पुढे घ्यावं लागतं, अ‍ॅडजस्टरवर तेवढी जागा असते. पण झिजलेली चेन नव्या स्प्रॉकेटवर घालू नकोस. मागच्या स्प्रॉकेटच्या पाठीमागच्या टोकाला चेन बोटांनी धरून बाहेर ओढ. निम्मा दाता उघडा पडला तर चेन संपली. आणि मागचे दाते आकड्यासारखे वाकले असतील तर अख्खा ड्रम बदलावा लागेल, तेव्हा स्प्रॉकेट मागवण्याआधी तेही बघून घे. एकदा प्रायमरी केस उघडतोच आहेस तर गिअरबॉक्सचं ऑइलसीलही बदल. दोन-चार पौंडांसाठी तेच काम परत करू नये.

टायर बदलताना ३.५०-१९ घालायचा मोह होईल. त्याचा वळसा थोडा मोठा, म्हणजे गिअरिंगही थोडं वाढतंच. १७ दाते आणि जाड टायर चालेल. १८ दाते आणि जाड टायर या गाडीला नको.

१८चं स्प्रॉकेट मी चुकीचं म्हणत नाही. ५००च्या इंजिनाला ते शोभतं, तिथे ओढायला ताकद आहे. तुझी ३५० आहे, तुझा मुलूख डोंगराचा आहे, आणि तू डबलसीट फिरतोस. तुला १७च. तेवढ्याने पन्नास मैलांना मिनिटाला दोनशे फेरे कमी होतील, कान शांत होतील, आणि टॉप गिअर हातचा जाणार नाही. साठ मैलांनी तासन्‌तास पळायचं असेल तर त्यासाठी दुसरी गाडी घे, या बुलेटला त्या कामाला जुंपू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आधी खडूची खूण करून कॅमच्या फेऱ्या मोज आणि मला कळव, स्प्रॉकेट त्यानंतर मागव.

तुझा,
साताऱ्याचा मित्र