सूर्याच्या घड्याळावरची दोन वर्षं

परमुलखात राहून धर्म शिकणाऱ्या मुलाचा दिवस कसा जातो, असं कुणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असतं: सूर्याच्या घड्याळावर. चिकोडी तालुक्यातल्या आमच्या गावाहून मी १९९८ साली इंदूरला गेलो आणि तिथल्या एका दिगंबर जैन विद्यार्थिगृहात राहून दोन वर्षं धर्मशास्त्र व संस्कृत शिकलो. घरी उसाची शेती. ‘पोरगा शास्त्र शिकून येऊ दे, मग शेती आहेच,’ असं अप्पांनी ठरवलं आणि पुण्याला गाडी बदलून मी एकदाचा पोचलो.

पहाटे उठायचं, आंघोळ करून सोवळ्याच्या धोतरात मंदिरात जायचं, अभिषेक-पूजा झाल्यावरच तोंडात पाणी. पाणीसुद्धा दुहेरी कापडातून गाळलेलं. गाळताना कापडात राहिलेले सूक्ष्म जीव जपून पुन्हा विहिरीत सोडायचे. मग पाठ. समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचाराचे दीडशे श्लोक, तत्त्वार्थसूत्राची ३५७ सूत्रं. हे सगळं मुखोद्गत झालंच पाहिजे. संध्याकाळच्या जेवणाला तिथे ‘ब्यालू’ म्हणत आणि ते सूर्य मावळायच्या आत उरकावं लागे. डिसेंबरात तिथे पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो. साडेपाचला ताट धुऊन ठेवलं की सकाळपर्यंत पोटाला सुट्टी.

आणि गाव कोणतं, तर इंदूर! इथला सराफा रात्री जागा होतो. सराफांची दुकानं बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया चढतात. जिलेबी, भुट्ट्याचा कीस, थंडीत तळलेले गराडू. गराडू म्हणजे कंद, तो आम्हाला दिवसाही वर्ज्य. बाकीचं चालण्यासारखं, पण रात्री. दोन वर्षांत सराफ्याचा नुसता वासच आमच्या वाट्याला आला. रविवारी सकाळी पोहे-जिलेबी मिळे, कांद्याशिवाय. तेवढ्यावर आम्ही खूश.

भाषेची गंमत निराळी. होळकरांमुळे इंदुरात मराठी घरं पुष्कळ, त्यामुळे मराठी कानावर पडे. कन्नड मात्र फक्त रविवारी, एसटीडी बूथवर. अज्जी पहिला प्रश्न विचारी, “ऊट आतेन?” जेवलास का? मीटर पळत असे, आणि ती भाजी कोणती होती ते विचारत असे.

खरी अडचण जेवणाची नव्हती, भाषेचीही नव्हती. आमच्याकडे मंदिराला बस्ती म्हणतात. बस्तीत उपाध्ये पूजा करतात, पंचामृताचा अभिषेक होतो, पद्मावतीला फुलं वाहतात. अज्जीचा सगळा धर्म त्या फुलांत होता. इंदूरला माझे बरेच सोबती तेरापंथी घरांतले. त्यांच्याकडे अभिषेक फक्त शुद्ध पाण्याचा, फुलांच्या जागी केशरात रंगवलेले तांदूळ, पूजा श्रावकाने स्वतः करायची आणि देवीची पूजा नाहीच. एका मुलाने सरळ विचारलं, “ये किस शास्त्र में लिखा है?” मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री झोप लागेना. शास्त्र खरं, तर अज्जी खोटी का? हे शिकून घरी गेल्यावर तिच्या हातातलं फूल मी काढून घ्यायचं का?

पंडितजींकडे गेलो. त्यांनी निकाल दिला नाही. म्हणाले, “तू कन्नड लिपी वाचतोस ना? मग ऐक.” आणि त्यांनी मूडबिद्रीची हकीकत सांगितली. षट्खंडागमावरची धवला टीका उत्तरेत कुठे उरली नव्हती. मूडबिद्रीत ताडपत्रांवर, जुन्या कन्नड लिपीत ती शतकानुशतकं जपली गेली. लोक त्या ताडपत्रांचं दर्शन घेत, पूजा करत. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली १९३९ पासून ती छापून येऊ लागली. त्या कामात हात होता डॉ. आ. ने. उपाध्ये यांचा. उपाध्ये सदलग्याचे, म्हणजे आमच्या शेजारचेच! पंडितजी एवढंच म्हणाले, “पूजा करणाऱ्यांनी जपलं म्हणून वाचणाऱ्यांना मिळालं.”

पुढे पुण्यात नोकरी करताना एका बेने इस्रायली सहकाऱ्याशी दोस्ती झाली. मूळ घराणं अलिबागकडचं, घरात मराठी. तरुणपणी तो जेरुसलेमच्या एका येशिवात, म्हणजे ज्यूंच्या धर्मपाठशाळेत, वर्षभर राहिला होता. त्याचाही दिवस सूर्यावर चाले. शुक्रवारी सूर्यास्ताआधी स्वयंपाक उरकायचा, दिवे लावायचे, मग शनिवारी रात्र पडेपर्यंत चूल नाही की काम नाही. दुधाची आणि मांसाची भांडी वेगळी. दोघादोघांनी समोरासमोर बसून तालमूद मोठ्याने वाचायचा, वाद घालत. त्याच्या घरी शुभकार्याला मलिदा करतात, गोड पोहे, खोबरं आणि फळं, एलियाहू हन्नाबीच्या नावाने. येशिवात तो कुणालाच माहीत नव्हता. “हे कुठल्या पुस्तकात आहे?” हा प्रश्न त्यालाही विचारला गेला.

त्याने मला त्यांचा इतिहास सांगितला. कोकणात तेलाचे घाणे चालवणारी, शनिवारी घाणा बंद ठेवणारी म्हणून ‘शनवार तेली’ म्हटली जाणारी ही माणसं. मोठी पाठशाळा जवळ नसताना त्यांनी घराघरांत धर्म टिकवला. तरी इस्रायलमध्ये त्यांच्या लग्नसंबंधांबद्दल शंका काढल्या गेल्या. लोकांनी आंदोलन केलं, तेव्हा १९६४ साली तिथल्या सरकारने ते सर्व बाबतींत ज्यूच आहेत असं जाहीर केलं. ऐकताना मला विद्यार्थिगृहातली ती रात्र आठवली. माझा प्रश्न एका फुलापुरता होता, यांना तर आपलं ज्यूपणच सिद्ध करावं लागलं.

मी पंडित झालो नाही. शेती पाहतो आणि चातुर्मासात बस्तीत मुलांना तत्त्वार्थसूत्र शिकवतो. सूत्र संस्कृतात, अर्थ मराठीत, शंका कन्नडमध्ये. सदलग्यातच जन्मलेले, २०२४ मध्ये समाधिस्थ झालेले आचार्य विद्यासागर कन्नड घरातले. पण त्यांनी ‘मूकमाटी’ हे महाकाव्य हिंदीत लिहिलं, हे मुलांना आवर्जून सांगतो.

आता काही पालक विचारतात, मुलाला शिकायला लांब पाठवू का? जरूर पाठवा. फक्त जाण्याआधी त्याला आजीजवळ बसवा आणि ती काय करते, का करते ते नीट विचारू द्या. पुस्तकं तिकडे पुष्कळ मिळतील. अज्जी गेली त्याला बारा वर्षं झाली. पद्मावतीला फूल अजून आमच्याच घरातून जातं, आणि ते मीच नेतो.