बोगाझक्योयची वाट

समुद्रोल्लंघन शास्त्रसंमत आहे कीं नाहीं, हा वाद आपल्या आजे-पणज्यांच्या काळीं घरोघर रंगे, आणि परदेशाहून परतलेल्या मनुष्यास प्रायश्चित्ताचा प्रश्न चुकत नसे. तो वाद आतां मागें पडला. तथापि परदेशीं निघणाऱ्या कुटुंबाची पात्रतेच्या प्रश्नांतून सुटका झाली आहे असें मात्र नव्हे. पूर्वीं हा प्रश्न परतल्यावर उभा राही, आतां तो निघण्यापूर्वीं उभा राहतो. पूर्वीं तो साऱ्या घराण्यास भोंवे, आतां तो एकेका माणसास निराळा विचारतात. आमच्या तुर्कस्तानच्या प्रवासांत या दुसऱ्या फरकाचा अर्थ आम्हांस पुरता उमगला. तो वाचकांपुढें मांडावा, म्हणून हा लेख.

तुर्कस्तान म्हटलें कीं इस्तंबूलचे मिनार डोळ्यांपुढें येतात. आम्हांस जावयाचें होतें तें मात्र अंकाराच्या पूर्वेस सुमारें २०० किलोमीटरांवर असलेल्या बोगाझक्योय येथें. हत्तूशा ही हित्ती राजांची राजधानी येथलीच. १९०६ सालीं ह्यूगो विंक्लर या जर्मन पंडिताच्या देखरेखीखालीं येथें उत्खनन सुरू झालें, आणि मातीच्या हजारों लेखपट्टिका उजेडांत आल्या. त्यांत हित्ती राजा सुप्पिलुलिउमा व मितन्नीचा शत्तिवाझ यांचा ख्रि. पू. चौदाव्या शतकांतील तह आहे. त्या तहास साक्षी म्हणून ज्या अनेक देवतांना पाचारण केलें आहे, त्यांत मित्र, वरुण, इंद्र व नासत्य हीं नांवें येतात. नासत्य म्हणजे आपले अश्विनीकुमार. येथेंच मिळालेल्या किक्कुलीच्या अश्वशिक्षणाच्या ग्रंथांत 'ऐक', 'तेर', 'पंझ', 'सत्त', 'नव' अशा संख्या आढळतात. त्यांचा अर्थ संस्कृत जाणणारास सांगावयास नकोच.

आमच्या मातोश्रींनीं उभा जन्म शाळेंत संस्कृत शिकविण्यांत घालविला. त्यांचें वय ७८. हें स्थळ एकदां डोळ्यांनीं पाहावें, एवढीच त्यांची इच्छा होती, व सारा बेत त्यांच्याचकरितां होता.

तिकिटें काढण्यापूर्वीं वडीलबंधूंनीं तुर्कस्तानच्या परराष्ट्र खात्याचें ई-व्हिसाचें अधिकृत संकेतस्थळ उघडलें. घरबसल्या ऑनलाइन व्हिसा देण्याची ही सोय त्या सरकारनें २०१३ सालीं सुरू केली. पासपोर्ट कोणत्या देशाचा आणि येण्याची तारीख कोणती, हें तेथें आरंभींच सांगावें लागतें. भारतीय पासपोर्ट असणारास पुढें एक अट आहे. शेंगेन गटांतील देश, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंड यांपैकीं एखाद्याचा चालू व्हिसा अथवा निवासपरवाना जवळ असेल तरच ई-व्हिसा मिळतो. तोही एकदांच प्रवेशाचा व ३० दिवसांच्या मुक्कामाचा. दुसऱ्या राष्ट्रानें ज्यास पारखून घेतलें आहे, त्यास आपणही आंत घेण्यास हरकत नाहीं, असा हा एक प्रकारचा जामीनच म्हणावयाचा.

आतां आमच्या मंडळीची स्थिति पाहा. वडीलबंधू व वहिनी यांचे चिरंजीव लंडनला असल्यानें त्या उभयतांपाशीं ब्रिटनचा चालू व्हिसा होता. तीं दोघें पात्र ठरलीं. आम्ही उभयतां दोन वर्षांपूर्वीं युरोप पाहून आलों होतों, पण त्या वेळचा शेंगेन व्हिसा केव्हांच संपला होता, आणि संपलेल्या व्हिसाचा येथें उपयोग नाहीं. धाकट्या बंधूंची कन्या अमेरिकेंत जन्मलेली व तेथील नागरिक. अमेरिकन नागरिकांस पर्यटनासाठीं व्हिसाच नको, असें तुर्कस्ताननें २०२३ च्या अखेरीस ठरविलें. मातोश्रींचा पासपोर्ट तर नवा आणि कोरा. एकच आडनांव, एकच कुलदैवत. पण नियम तीन!

पात्र असतील त्यांनीं पुढें जावें, बाकीच्यांनीं मागून यावें, अशी एक सूचना निघाली. वहिनींनीं ती तत्काळ मोडून काढली. "सासूबाईंचा व्हिसा हातीं येईपर्यंत कोणाचेंच तिकीट नको," असें त्या म्हणाल्या, आणि तेंच ठरलें. मातोश्रींचे व आमचे अर्ज कागदपत्रांसह मुंबईस दाखल झाले. त्या पठारावर हिवाळ्यांत बर्फ पडतें. ऑक्टोबर हुकला असता तर पुढील वर्षाची वाट पाहावी लागती, आणि मातोश्रींच्या गुडघ्यांच्या भरंवशावर वर्षभराचा वायदा करणें अवघड होतें. तीन आठवडे घरांत या विषयावर कोणी मोठ्यानें बोललें नाहीं. अखेर पासपोर्ट परत आले; तिन्हींवर व्हिसा होता.

हत्तूशाचे अवशेष उघड्या डोंगरउतारावर दूरवर पसरले आहेत. युनेस्कोनें १९८६ सालीं त्यांस जागतिक वारशांत स्थान दिलें. महामंदिराच्या पायांत हिरव्या दगडाचा एक गुळगुळीत ठोकळा आहे. वर चढून गेलें म्हणजे कोटाचें सिंहद्वार लागतें, आणि त्याहून उंचावर येरकापी येथें तटाखालून जाणारा सुमारें ७० मीटर लांबीचा दगडी भुयारी मार्ग आहे. तहाच्या पट्टिका आतां येथें नाहींत, त्या संग्रहालयांत आहेत. तरी मातोश्री सिंहद्वाराशीं थांबल्या व तीं चार नांवें त्यांनीं सावकाश उच्चारलीं. मग म्हणाल्या, "हीं नांवें मीं मुलांकडून घोकून घेतलीं. इतक्या दूर कोणा दोघां राजांना त्यांची साक्ष काढावीशी वाटली, ती जागा पाहायची राहिली होती."

असा प्रवास योजणाऱ्या कुटुंबांस आमचें सांगणें थोडकेंच आहे. पात्रता प्रत्येक माणसाची, तान्ह्या मुलाचीसुद्धां, निरनिराळी पाहावी. ज्या व्हिसाच्या आधारावर ई-व्हिसा मागावयाचा, तो पोहोंचण्याच्या दिवशीं चालू आहे ना, हें तपासावें. पासपोर्टाची मुदत मुक्कामाच्या मुदतीनंतर आणखी किमान ६० दिवस असावी. अधिकृत स्थळासारखीं दिसणारीं व अधिक पैसे उकळणारीं स्थळें पुष्कळ आहेत, त्यांपासून सावध राहावें. नियम बदलतात, म्हणून पैसे भरण्यापूर्वीं ते पुन्हां एकदां वाचावे. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, घरांत ज्याचा पासपोर्ट सर्वांत कोरा असेल, त्याच्यापासून बेत आंखण्यास आरंभ करावा. बाकीच्यांची सोय मागाहून लागतेच.