पडला त्याचं काय झालं?

माणसाला कशाचा शौक असावा याला काही नियम नाही. आमच्या आर्वीत कोणाला कबुतरांचा आहे, कोणाला भजनाचा, आणि कापसाचा भाव दिवसातून तीनदा विचारण्याचा तर जवळजवळ सगळ्या गावालाच आहे. मला आहे तो ठोशांचा. मारण्याचा नव्हे हो. उभ्या आयुष्यात डास सोडून कोणावर मी हात उगारलेला नाही. शिवाय ज्या जिल्ह्यात सेवाग्राम आहे, त्याच जिल्ह्यात राहून मुष्टियुद्धाची आवड धरणे म्हणजे एकादशीच्या दिवशी भज्यांच्या गाडीपाशी घुटमळण्यासारखेच! पण हायस्कुलात असताना वाचनालयातल्या जुन्या मासिकांत या लढतींची वर्णने वाचली, आणि एक वही सुरू केली. ती अजून चालू आहे.

वहीत जागा फक्त मिडलवेटवाल्यांना. धंदेवाईक मुष्टियुद्धात या गटाची मर्यादा 160 पौंडांची, म्हणजे साडेबाहत्तर किलोंची. आमच्या बाजारात क्विंटलभराचे पोते पाठीवर घेऊन चालणारा हमालही साधारण याच वजनाचा असतो. अवजड गड्याने एका ठोशात माणूस लोळवला तर त्यात नवल कसले? आणि हलका गडी विजेसारखा चपळ असला, तरी त्याच्या ठोशाला वजन नसते. मिडलवेटवाल्याकडे मात्र दोन्ही असते. जाणकार सांगतात की ठोसा हातातून येतच नाही. तो टाचेतून निघतो, कमरेत वळतो, खांद्यातून सुटतो. मूठ हे त्याचे शेवटचे स्टेशन.

लग्नानंतर पहिल्याच पावसाळ्यात ही वही मी मोठ्या हौसेने आमच्या सौभाग्यवतींपुढे उघडली. सुरुवात अर्थातच बॉब फिट्झसिमन्सपासून केली. इंग्लंडात जन्मलेला, न्यूझीलंडमध्ये वाढलेला, लोहारकाम केलेला हा गडी 1891 साली मिडलवेटचा विजेता झाला. पुढे 17 मार्च 1897 रोजी, अमेरिकेत कार्सन सिटी येथे, त्याने आपल्याहून कितीतरी वजनदार अशा जिम कॉर्बेटला चौदाव्या फेरीत पोटाच्या वरच्या खळगीत असा एक ठोसा दिला की कॉर्बेटचा श्वासच अडकला. जगज्जेतेपद गेले!

मी विजयी मुद्रेने पाहिले. सौभाग्यवती तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “अन् जो पडला त्याचं काय झालं हो?”

वाचकहो, इतक्या वर्षांत हा प्रश्न माझ्या मनाला शिवला नव्हता. शोधून काढावे लागले. कॉर्बेटने गेलेले पद परत मिळवायचा दोनदा प्रयत्न केला, 1900 साली आणि 1903 साली, दोन्हीदा हरला. पण रंगभूमीवर त्याने उत्तम नाव कमावले. “म्हणजे नाटकात गेला! बरं झालं,” असे म्हणून त्यांनी तांदूळ धुवायला घेतले.

तेव्हापासून वहीत दोन रकाने झाले. डावीकडे मारणारा, उजवीकडे पडलेला.

स्टॅनली केचेलच्या बाबतीत हे रकाने गमतीदार झाले. 16 ऑक्टोबर 1909 रोजी या मिडलवेट विजेत्याने बाराव्या फेरीत चक्क जॅक जॉन्सनला, सगळ्या जगाच्या हेवीवेट विजेत्याला, खाली बसवले. जॉन्सन उठला, आणि लगेच त्याने केचेलला असा आडवा केला की आकडे मोजून संपले तरी तो उठला नाही. पुढच्याच वर्षी केचेल गोळी लागून मेला. वय 24. “अरेरे, पोरच की!” एवढेच सौभाग्यवती म्हणाल्या.

शुगर रे रॉबिन्सनने 1 मे 1957 रोजी शिकागोत जीन फुलमरला पाचव्या फेरीत मारलेला डावा हूक तर ठोशांचा राजा! फुलमर त्याआधी कधी आकडे मोजेपर्यंत खाली राहिलेला नव्हता. उजव्या रकान्यातही आनंदच आहे: फुलमर 1959 साली पुन्हा विजेता झाला, आणि 2015 पर्यंत, वयाच्या 83 व्या वर्षापर्यंत, जगला.

पण रॉबिन्सनचे आणखी एक पान आहे. 24 जून 1947, क्लीव्हलंड. तेव्हा तो एक गट खाली, वेल्टरवेटमध्ये लढत होता. समोर जिमी डॉइल. आदल्या रात्री रॉबिन्सनला स्वप्न पडले की आपल्या ठोशाने डॉइल मेला. त्याने लढायचे नाकारले. लोकांनी त्याची समजूत घातली. आठव्या फेरीत डॉइल पडला आणि दुसऱ्या दिवशी वारला. रॉबिन्सनने पुढे आपल्या कमाईतून डॉइलच्या आईसाठी पैसे दिले. हे पान मी घरात वाचून दाखवले नाही. पण दोन दिवसांनी वही जागेवरून हललेली दिसली, आणि त्या दिवशी भाजीत मीठ नव्हते.

1985 च्या हॅगलर-हर्न्स लढतीत ठोसा इतका जबर होता की पहिल्याच फेरीत मारणाऱ्या हर्न्सचाच उजवा हात मोडला. 1990 साली डोळा सुजून मिटत आलेला, हरत चाललेला ज्युलियन जॅक्सन चौथ्या फेरीत एकच उजवा ठोसा मारून जिंकला. आणि त्या जॅक्सनला 1993 साली पाडणारा जेराल्ड मॅक्लेलन! माझ्या वहीतला सगळ्यांत भयंकर ठोसा त्याचा. 25 फेब्रुवारी 1995 रोजी लंडनमध्ये, वरच्या वजनगटात, त्याने नायजेल बेनला पहिल्याच फेरीत दोरांबाहेर फेकले. बेन परत आत आला. दहाव्या फेरीत मॅक्लेलन स्वतःच गुडघ्यावर बसला, डोळे मिचकावीत राहिला. मेंदूत रक्त साकळले होते. दृष्टी गेली, ऐकणे जवळजवळ गेले. त्याच्या बहिणींनी त्याचा सांभाळ केला. 2007 साली त्याच्यासाठी लंडनमध्ये पैसे जमवण्याचा कार्यक्रम झाला, तेव्हा बेन त्याला भेटला.

ही नोंद कोणत्या रकान्यात घालू, हे मी सौभाग्यवतींनाच विचारले. त्या म्हणाल्या, “दोन्हीत घाला.”

आता मूळ मुद्द्यावर येतो. आमची नात नागपूरला असते. वय वर्षे 13. बीजिंगला 2008 साली विजेंदरसिंगने 75 किलोंच्या गटात ब्राँझ पटकावून मुष्टियुद्धातले भारताचे पहिले ऑलिंपिक पदक आणले, तेव्हा तिचा जन्मही झालेला नव्हता. पण 2023 साली दिल्लीत त्याच 75 किलोंत लवलिना बोरगोहेन जगज्जेती झालेली तिने टीव्हीवर पाहिली. नागपूरचीच अल्फिया पठाण 2021 साली युवा जगज्जेती झालेली. मग काय! बाईसाहेबांनी मुष्टियुद्धाच्या वर्गात नाव घालायचे ठरवले, आणि जावईबापूंनी निर्णय आमच्यावर सोपवला. “बाबा, तुमचा अभ्यास आहे,” म्हणाले.

अभ्यास! अर्धी वही म्हणत होती, जाऊ द्या. अर्धी म्हणत होती, नको.

नातीला फोन लावला. ती म्हणाली, “आजोबा, पहिले काही महिने मारायला शिकवतच नाहीत. पाय कसे टाकायचे अन् डोकं कसं वाचवायचं, तेवढंच. डोक्याला गार्ड असतो. जास्त लागायला लागलं की पंच लढत थांबवतात.”

मी काही बोलणार तोच सौभाग्यवतींनी फोन ओढून घेतला. “पोरी, जा. पण एक कबूल कर. तुझ्या हातून कोणी पडली, तर आधी तिच्याजवळ जायचं. जिंकल्याचं मागून सांगायचं.”

“पंच जाऊ देत नाहीत गं आजी, कोपऱ्यात उभं राहावं लागतं.”

“मग सोडल्यावर जा.”

नात वर्गाला जाऊ लागली, त्याला आता आठ महिने झाले. एक लढत हरली, एक जिंकली. जिंकल्याचा फोन आला तेव्हा मी वही घेऊनच बसलो होतो. पण आधी फोनवर आजी होत्या, आणि पलीकडून नात समोरच्या मुलीविषयीच सांगत होती: अकोल्याची आहे, नाकाला थोडं लागलं, बर्फ लावला, आता डबा खातेय.

नातीने ठोसा डाव्या हाताने मारला की उजव्या, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही. डावा रकाना तेवढा रिकामा आहे.