हॉर्नची जागा

मोटारसायकलीला हॉर्न कुठे असतो, असे दीड वर्षापूर्वी कुणी मला विचारले असते, तर मी बेधडक उत्तर दिले असते, "डाव्या मुठीपाशी." जवळजवळ चाळीस वर्षे गाडी चालवून माझे ज्ञान एवढेच होते. मुठीपाशी असते ते नुसते बटण; हॉर्न बिचारा दुसरीकडेच कुठेतरी बसून आपल्या वतीने ओरडत असतो. आपण ओसरीवर बसून टाळी वाजवावी आणि परसदारी गड्याने हाळी द्यावी, तसाच हा कारभार!

हे ज्ञान मला झाले ते गेल्या दसऱ्याच्या सुमारास. माझ्या गाडीच्या हॉर्नचा घसा बसला होता. आमचे गाव धाराशिव. २०२३ साली जिल्ह्याला हे नाव अधिकृतपणे मिळाले. माझ्या गाडीच्या जुन्या कागदांवर मात्र अजून उस्मानाबादच आहे. तर या गावच्या बाजारातून जाताना मी बटण दाबी आणि हॉर्न नुसता कण्हल्यासारखा करी. लोक बाजूला होत, नाही असे नाही. पण कपाळाला आठ्या घालून. त्या आठ्यांचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

भाऊबीज जवळ आली होती. माझी थोरली बहीण, अक्का, तेरला राहते. इथून तेर वीस-पंचवीस किलोमीटर. वाटेत शेरडे, गाड्या, सुट्टीवर आलेली पोरे. अशा रस्त्याला मुका हॉर्न कसा चालेल? मी सरळ मिस्त्रीकडे गेलो.

मिस्त्री माझाच जुना विद्यार्थी. त्याने बटण दाबले आणि म्हणाला, "वाजतोय की, गुरुजी. झकास!"

"झकास? अरे, आपल्या शाळेची घंटा याहून मोठी होती."

चाळीस वर्षांपूर्वी या आवाजापुढे त्याची बोलायची छाती नव्हती. आताही झाली नाही. तो निमूट पाना घेऊन खाली बसला. दिवा लावून बॅटरी पाहिली, वायरची टोके घासून लख्ख केली. मग बोट दाखवून म्हणाला, "एक मात्र हाय, गुरुजी. ह्येची जागाच वंगाळ हाय बगा."

खरेच होते ते. हॉर्न पुढच्या चाकामागे, अगदी खाली बसवलेला. त्याच्यापुढे मी हौसेने लावून घेतलेला जाड नळ्यांचा लेगगार्ड, आणि चाकाने उडवलेला आमच्याकडच्या काळ्या रानाचा चिखल त्याच्या तोंडावर थापून वाळलेला. "ह्येला वर घ्यू, दिव्याच्या खाली," मिस्त्री म्हणाला, आणि मी आनंदाने मान हलवली. दोष सापडला की माणसाला केवढे बरे वाटते! दोष दुसऱ्याचा असला, म्हणजे तर विचारायलाच नको.

मग दीड तास मी त्या दुकानात शाळा शिकलो. हॉर्नच्या पोटात तारेचे वेटोळे असते आणि तोंडाशी पातळ पोलादी पडदा. बटण दाबले की वेटोळ्याचे चुंबक होते व ते पडद्याला ओढते. पडदा ओढला गेला की विजेची वाट तुटते, चुंबक सोडून देते, पडदा मागे येतो आणि वाट पुन्हा जुळते. आत-बाहेर, आत-बाहेर, सेकंदाला शेकडो वेळा! त्या थरथरीलाच आपण आवाज म्हणतो.

हॉर्न ज्या लवचीक पोलादी पट्टीवर टांगलेला होता, ती पट्टी काढून तो सरळ फ्रेमलाच आवळावा, असे मी सुचवले. मिस्त्रीने जीभ चावली. "आवळून बांधलं तर ह्येचा आवाजच दबतोय, गुरुजी. ह्येला जरा झुलाया पायजे." म्हणून त्याने पट्टी तशीच ठेवली. हॉर्नचे तोंड पुढे केले, पण पावसाचे पाणी आत साचू नये म्हणून अंमळ खाली झुकवले. जादा वायर जोडून तिला सैल वळसा दिला आणि हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून ती कुठे ताणत किंवा चेमटत नाही ना, ते पाहिले. शेवटी पुढच्या भागावर सगळा भार टाकून त्याने गाडी दाबली. खड्ड्यात गाडी बसली तरी मडगार्ड हॉर्नला लागता कामा नये. एवढ्या बारकाईने मी कधी पोरांच्या वह्या तपासल्या नसतील.

"ह्यापरीस नवा म्युझिकवाला लावू का?" त्याने जाता जाता विचारले. मी ताठ होऊन त्याला सांगितले की १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ११९ वा नियम लागोपाठ निरनिराळे सूर काढणारा हॉर्न लावू देत नाही. कायदा मला पाठ होता.

मग मी बटण दाबले. समोरच्या हॉटेलातल्या चहावाल्याच्या हातची बशी खणकन वाजली, कट्ट्यावरचे कुत्रे उठून पळाले. मी म्हणालो, "हं, थोडा सुधारला."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिले. काहीतरी बोलणार होता, पण बोलला नाही. त्याने नुसत्या वायरचे पैसे घेतले.

भाऊबीजेच्या सकाळी मी निघालो. हवेत गारवा होता. तेर जवळ आले, तेव्हा वाटले, आधी गोरोबाकाकांचे दर्शन घ्यावे आणि मग अक्काकडे जावे. मी गाडी उजवीकडे वळवली मात्र, आणि एक जीप माझ्या गुडघ्याला घासल्यासारखी येऊन करकचून थांबली. जीपमध्ये माणसे खच्चून भरलेली. एका बाईच्या मांडीवरचे मूल पुढे आपटता आपटता राहिले होते आणि भेदरून रडत होते.

ड्रायव्हर पोरसवदा होता. शिवी द्यायला त्याने तोंड उघडले असावे; माझे पांढरे केस पाहून तो गप्प झाला आणि म्हणाला, "काका, मागच्या वळणापासनं हॉर्न देतोय की हो तुम्हाला!"

मी एकही ऐकला नव्हता.

अक्काने पाटावर बसवले, ओवाळले. ओवाळताना काहीतरी म्हणाली. मी हसून मान हलवली. तिने निरांजन खाली ठेवले. "अरे, मी विचारलं, सून बरी आहे का, आणि तू नाही म्हणून मान हलवतोस! गेल्या दिवाळीपासून बघतेय मी. तुला ऐकू येत नाही रे, बाळा."

दुपारी एकटाच गोरोबाकाकांच्या मंदिरात जाऊन बसलो. त्यांची ती थापटण्याची कथा कुणाला ठाऊक नाही? घरी आलेल्या संतांपैकी कोण पक्के, कोण कच्चे, हे त्यांनी प्रत्येकाच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. सगळे शांत बसले. कुरकुरले ते एकटे नामदेव, आणि मडके कच्चे ठरले. मला वाटले, थापटणे बसले होते माझ्या डोक्यावर, आणि मी कुरकुरत होतो हॉर्नच्या नावाने. बायको हळू बोलते, टीव्ही बिघडला आहे, नातवंडे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात, ही सगळी माझीच कुरकुर! ज्या दोषाची जागा माझ्या दोन कानांत होती, तो मी सगळ्या घरभर शोधत होतो. त्यापायी एका पोराचा जीव जायची वेळ आली होती.

परत येताना भाच्याने गाडी चालवली. मी मागे बसलो.

कानाच्या डॉक्टरांनी सांगितले, की वय झाले म्हणजे उंच पट्टीचे आवाज आधी जातात. त्यामुळे बोलणे ऐकू येते, पण स, श, त, क ही अक्षरे पुसट होतात आणि अर्थ निसटतो. हॉर्नची धारही त्याच उंच सुरांत असते. यंत्र कानाला सरावेपर्यंत मी गाडीला हात लावला नाही. मग दोन्ही बाजूंना आरसे लावून घेतले, आणि एके दिवशी मिस्त्रीच्या दारात हॉर्नचे बटण दाबले. मी स्वतःच दचकलो! बाजारातल्या त्या आठ्यांचा अर्थ मला तेव्हा लागला.

"गुरुजी, पुन्हा खाली बसवू का?" मिस्त्रीने हसत विचारले.

मी नको म्हटले. जागा चांगली आहे. आता बटण बेताने दाबले म्हणजे झाले.

संक्रांतीला तिळगूळ घेऊन तेरला गेलो. अक्काच्या दारात, सवयीने, एकदाच हलकेच हॉर्न दिला. अक्का पदर खोचत बाहेर आली.

"अरे, किती मोठ्यांदा!" ती म्हणाली. "मी काय बहिरी आहे?"

शब्दन् शब्द मला स्पष्ट ऐकू आला.