हरणांच्या विरोधात

हरणांची संख्या बंदुकीनेच कमी करावी लागेल, या मताला मी एक दिवस येईन असं पूर्वी कोणी सांगितलं असतं, तर मी त्याच्याशी बोलणं टाकलं असतं. आमचं घर माळकरी. आजोबा जेवायला बसले की अंड्याचं नावसुद्धा काढायची सोय नव्हती. देश सुटला, त्याबरोबर पुष्कळ काही सुटलं, पण जीव मारू नये हे मात्र अंगात मुरलेलं राहिलं. ते हललं एका झाडापायी. झाडही असं, की ते एक म्हणायचं की सत्तेचाळीस हजार, हे मोजणाऱ्याने ठरवावं.

अमेरिकेच्या युटा राज्यात फिश लेक नावाचं तळं आहे. त्याच्या काठाजवळ, सुमारे २७०० मीटर उंचीवर, अ‍ॅस्पेनचं एक रान आहे. त्याला पांडो म्हणतात. पसारा १०६ एकरांचा, उभी खोडं सुमारे ४७,००० आणि सगळी एकाच मुळांच्या जाळ्यातून वर आलेली. केळीला मुनवे फुटतात ना, तसंच. फक्त इथला मुनवा आईला बिलगून राहत नाही, जमिनीखालून लांब पळतो आणि भलतीकडेच डोकं वर काढतो. पानांची आणि खोडांची ठेवण पाहून बर्टन बार्न्स यांनी १९७०च्या दशकात हे सगळं एकच झाड असल्याचं ओळखलं. १९९२ मध्ये मायकेल ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं बारसं केलं. पुढे जनुकीय तपासणीतही ते खरं निघालं. वजन अंदाजे सहा हजार टन. वयाचे अंदाज मात्र काही हजारांपासून ऐंशी हजार वर्षांपर्यंत कुठेही जातात. भाषणात मी अर्थातच ऐंशी हजार सांगायचो.

मी सॉल्ट लेक सिटीत राहतो. आमच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात चार शब्द बोलायची वेळ आली की पांडो हा माझा हुकमी विषय असे. वरून हजारो, खाली एकच! पिढ्या येतात, जातात, मूळ तेच राहतं! घरापासून इतक्या लांब येऊन पडलेल्या माणसांना याहून गोड काय ऐकवणार? टाळ्या ठरलेल्या. पाहुणे आले की तीनेक तास गाडी हाकून मी त्यांना तिथे नेत असे. तेही शक्यतो सप्टेंबरअखेर, पानं हळदीसारखी झालेली असताना.

तो देखावा कितीही वेळा पाहिला तरी जुना होत नाही, हे आजही म्हणेन. अ‍ॅस्पेनच्या पानाचा देठ चपटा असतो, आणि चपटाही पानाच्या पात्याला आडवा. त्यामुळे झुळूक अगदी नावापुरती असली तरी पान डोलत नाही, थरथरतं. एक पान थरथरलं की काही नाही, पण अख्खं रान थरथरलं की पावसाची सर दुरून चालत येते आहे असं वाटतं. खोडावर हात फिरवला तर पांढरी भुकटी तळव्याला लागते. तिच्या आत सालीमध्ये हिरवा थर असतो, आणि पानं गळून गेल्यावर, बर्फातसुद्धा, झाड त्या सालीतून थोडंफार अन्न तयार करतं. अशा झाडाला कोणाची गरज लागेल? मला तर ते अमरच वाटे. म्हणून २०१३ मध्ये वनखात्याने पांडोच्या एका भागाला आठ फुटी जाळीचं कुंपण घातलं, तेव्हा मला रागच आला. हजारो वर्षं जे आपलं आपण जगलं त्याला तारेच्या पिंजऱ्यात कोंडणारे तुम्ही कोण?

२०१८ मध्ये पॉल रॉजर्स आणि डॅरेन मॅकअव्हॉय या संशोधकांचा शोधनिबंध आला. त्यात विमानातून काढलेले फोटो ओळीने लावलेले होते, १९३९ पासून पुढचे. पहिल्या फोटोत रान गच्च. मग कुठे फट, कुठे भोक, कुठे सरळ मैदान. पुढच्या फेरीत मी पहिल्यांदाच शेंड्यांकडे न बघता खोडांच्या मधल्या जागेत बघितलं. पांढरी खोडं सुटी सुटी उभी, मधून ऊन आरपार. याच मोकळेपणामुळे आमचे फोटो इतके सुरेख येत होते. तिथे मधल्या वयाचं झाडच नव्हतं. शंभर-सव्वाशे वर्षांची म्हातारी खोडं, त्यांतली कित्येक सालीच्या रोगाने काळवंडलेली, आणि खाली गवत.

मूळ कोंब काढत नाही असं नाही. उभ्या झाडाच्या शेंड्याकडून ऑक्सिन नावाचं संप्रेरक मुळांकडे उतरत असतं, ते कोंबांना दाबून ठेवतं. झाड पडलं, जळलं, तोडलं की तो दाब सुटतो आणि कोंब वर येतात. येतात आणि खाल्ले जातात. म्यूल डिअर म्हणजे खेचराएवढ्या कानांची तिथली हरणं, आणि काही दिवस चरायला सोडलेली गुरं, कोवळा शेंडा गुडघ्याएवढाही होऊ देत नाहीत. त्यांच्यामागे धावणारे लांडगे माणसांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच संपवले. शिवाय जवळच सुट्टीची घरं, तंबूंचे तळ, मधून जाणारा रस्ता. माणसांच्या इतक्या जवळ बंदूक चालत नाही, हे हरणांना बरोबर कळतं. पांडो नर आहे, म्हणजे बी धरण्याचा प्रश्नच नाही. कोंब हीच त्याची पोरं. मी अमरत्वावर टाळ्या घेत होतो तेव्हा त्या घरात कित्येक वर्षं पाळणा हलला नव्हता.

आईला फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, "अरे, मग कुंपण घाला की नीट. मुक्या जनावरांना मारता कशाला?"

तिचं म्हणणं टाकाऊ नाही. २०१३च्या कुंपणाआत कोंब खरोखरच माणसाच्या उंचीच्या वर गेले. तिथे थोडं जाळलं होतं, काही झाडं मुद्दाम पाडली होती. ज्या कुंपणावर मी चिडलो होतो त्याच्या जाळीला नाक लावून मी ते कोंब पाहिले. पण पुढच्या वर्षी आणखी मोठ्या भागाला घातलेल्या कुंपणातून हरणं आत शिरली, आणि तिथे फारसं काही उगवलं नाही. जाळीची डागडुजी जन्मभर करावी लागणार. निम्मं पांडो तर तेव्हा कुंपणाबाहेरच राहिलं. एकाच झाडाचे तीन तुकडे तीन वाटांनी वाढू लागले आहेत, अशी काळजी खुद्द रॉजर्स यांनीच नंतर मांडली. जाळ्या वाढवण्यापेक्षा चरणारी तोंडं कमी करा, असा त्यांचा रोख आहे. यलोस्टोनमध्ये १९९५ पासून लांडगे परत आणले, तिथे काही ठिकाणी अ‍ॅस्पेन पुन्हा उंच होऊ लागला. त्याचं श्रेय लांडग्यांना किती द्यायचं यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. फिश लेकला लांडगे कोणी आणणार नाही. उरली बंदूक.

आईला हे पटलेलं नाही, आणि पटावं असा माझा आग्रहही नाही. माझी स्वतःची बाजूही फार धड नाही. मी बंदूक धरणार नाही, मेलेलं हरीण पाहायला जाणार नाही. दुसऱ्याने मारावं आणि मी घरी बसून मान डोलवावी, असा हा पाठिंबा आहे. आमचा शेजारी दर हंगामात शिकारीचा परवाना काढतो. पूर्वी त्या दिवसांत मी त्याच्याकडे जाणं टाळायचो. गेल्या हंगामात त्याला विचारलं, "मिळालं का?" तो इतका खूश झाला की संध्याकाळी मांसाचा डबा घेऊन दारात उभा. मी माळकऱ्याचा नातू, नको म्हणालो. मग त्याला आत बोलावलं, चहा दिला आणि या वर्षी परवाने किती निघाले ते विचारत बसलो.