नहरीच्या खुणा आणि नानीची साक्ष

माझी एक माजी विद्यार्थिनी आता कॉलेजात इतिहास शिकते. औरंगाबादच्या जुन्या नहरींच्या उरलेल्या खुणा शोधायच्या आणि फोटोसकट संगणकावरच्या नकाशात नोंदवायच्या, हा तिचा प्रकल्प आहे. उर्दू-फारसी मजकूर वाचून घ्यायला ती माझ्याकडे येते. त्यामुळे गेले सहा महिने तिचं काम मी जवळून पाहते आहे.

मलिक अंबर हबशी गुलाम म्हणून दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी शहर वसवलं, तेच पुढे औरंगाबाद झालं. शहराला पाणी हवं म्हणून त्याने जमिनीखालून नहर आणली. पुढच्या काळात आणखी नहरी झाल्या. पाणचक्की त्यातल्याच एका पाण्यावर चालली.

पोरीच्या घरात मात्र सगळे सांगत, "नहर आलमगीर बादशहांनी बांधली." तिने वाद घातला नाही, फक्त सालं मांडली. अंबरचा इंतकाल १६२६ चा आणि औरंगजेबाचा जन्म १६१८ चा. म्हणजे अंबर गेला तेव्हा औरंगजेब जेमतेम सात वर्षांचा होता. नानी हसून म्हणाल्या, "मग आम्हाला हे कोणी सांगितलं?"

हाच प्रश्न तिला उपयोगी पडला. तिने तक्त्यात एक रकाना वाढवला: कोणी सांगितलं, त्यांनी कोणाकडून ऐकलं. हदीसची सनद आपण लहानपणापासून ऐकतो. दोन्हींची बरोबरी नाही, पण ऐकलेल्या गोष्टीचा माग ठेवण्याची सवय आपल्या घरातलीच आहे. सालासाठीही तिने दोन रकाने केले. हिजरी १०३५ हे वर्ष १६२५ मध्ये सुरू होऊन १६२६ मध्ये संपतं, ते एका आकड्यात बसवलं तर चूक होते.

नहर कोणी बांधली, हे नानींना नीट ठाऊक नव्हतं. पण हौदावर कोणत्या घरातल्या बायका कधी पाणी भरत, हौद कधी बुजवला, हे त्यांना पाठ होतं. ते कोणत्याही पुस्तकात नाही.

मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी तिला गल्लीखालून जाणाऱ्या नळाची अर्धी वाट सांगितली होती. उरलेली ईदनंतर दाखवणार होते. विसाव्या रोज्याला ते अल्लाहला प्यारे झाले. नकाशावर ती रेघ आज अर्ध्यातच थांबते आणि पुढे तिने लिहिलं आहे, "अपूर्ण". अंदाजाने रेघ पुढे नेणं सोपं होतं, पण तिने ते केलं नाही. शिक्षक म्हणून मला तिचं सगळ्यात मोठं यश हेच वाटतं.

आपल्या घरातही असे बुजुर्ग आहेत. मगरिबनंतर थोडा वेळ त्यांच्याजवळ बसा आणि मोबाइलवर त्यांचा आवाज घ्या. सुरुवातीला नाव, गाव, तारीख बोलून ठेवा. पोरांना विचारू द्या. हे काम ईदनंतरवर टाकू नका.